फोटोत नसलेल्या माणसाची जागा: आई-वडिलांच्या आठवणीसाठी सुट्टीच्या जुन्या ठिकाणी जाताना

लहानपणी ज्या ठिकाणी आपण वर्षानुवर्षे सुट्टीला जात होतो, तिथे आई किंवा वडील गेल्यानंतर त्यांच्यासाठी एकदा जाऊन यावे, असे अनेकांच्या मनात येते. मात्र तिथे पोहोचून नेमके काय करायचे हे ठरलेले नसले, की माणूस नकळत जुन्या सहलीची नक्कल करू लागतो. तीच खोली, तेच टेबल, तीच संध्याकाळची फेरी, आणि या प्रत्येक ठिकाणी एक माणूस कमी. माझा सल्ला असा, की सगळी सहल पुन्हा उभी करण्याच्या फंदात पडू नये. गेलेले माणूस तिथे जी एक गोष्ट हटकून करत असे तेवढीच हाती घ्यावी. कोणाची आई सगळे उठायच्या आत एकटीच फिरून येत असेल, कोणाचे वडील दिसलेल्या पक्ष्यांची नावे वहीत टिपत असतील. आमच्या घरी वडील फोटो काढत. त्यामुळे सुट्टीच्या अख्ख्या अल्बममध्ये ते जवळजवळ कुठेच नाहीत, आणि त्यांना शोधायचे तर ते कुठे उभे होते हेच शोधावे लागते.

हे काम अंदाजाने नव्हे, तर रीतसर करता येते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या सर्वेक्षणात काढलेली छायाचित्रे घेऊन मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात त्या त्या जागा शोधल्या आणि शंभराहून अधिक दृश्ये पुन्हा टिपली. घरगुती फोटोंनाही तीच रीत लागू पडते.

निघण्यापूर्वी अल्बममधून तीन-चारच फोटो निवडावेत. ज्यांत जवळची एक आणि दूरची एक अशा न हलणाऱ्या वस्तू दिसतात, म्हणजे भिंतीचा कोपरा, पायरी, खडक, डोंगराची कड, ते फोटो उपयोगाचे. झाडावर विसंबू नये, कारण वीस-तीस वर्षांत त्याचा आकार ओळखू येणार नाही इतका बदलतो. फोटोच्या मागची बाजू अवश्य पाहावी, आणि निगेटिव्ह जपून ठेवल्या असतील तर त्याही काढाव्यात. त्यांच्या कडेला क्रमांक असतात, त्यांवरून त्या दिवशी कोणता फोटो आधी आणि कोणता नंतर, म्हणजे घरच्या मंडळींची पावले कोणत्या दिशेने पडली, हे कळते. निवडलेले फोटो मोबाइलमध्ये घ्यावेतच, पण कागदावरची एक प्रतही बरोबर असावी, कारण भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावर बारकावे दिसत नाहीत. मूळ प्रत मात्र घरीच ठेवावी.

प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या मानाने कुठे दिसते, हे जुन्या फोटोशी ताडून पाहावे. जवळची वस्तू जुन्या फोटोपेक्षा ज्या बाजूला सरकलेली दिसेल, त्याच बाजूला आपण सरकावे. ती दूरच्या वस्तूच्या मानाने फार मोठी वाटत असेल तर मागे जावे, लहान वाटत असेल तर पुढे. दृश्यातल्या वस्तूंची एकमेकींशी असलेली ठेवण ही आपण कुठे उभे आहोत यावर ठरते, भिंगावर नाही, त्यामुळे मोबाइलमध्ये आजूबाजूचे जास्त दिसते म्हणून पुढे सरकण्याची चूक करू नये. जागा पक्की करावी आणि जादाचा भाग नंतर कापावा. उंचीचाही विचार करावा. वरून आत पाहायचा, छातीशी किंवा पोटाशी धरायचा जुना कॅमेरा असेल तर दृश्य डोळ्यांच्या उंचीवरून नव्हे, बरेच खालून टिपलेले असते, आणि आपल्याला तसे वाकावे लागते.

सावली दिसत असेल तर तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही. आमच्या एका फोटोत खालच्या कडेला वडिलांची सावली आली आहे: डोक्यावर टोपी, आणि कॅमेरा डोळ्यांशी धरल्यामुळे दोन्ही कोपरांचे दोन त्रिकोण. त्या काळी आम्ही तो फोटो बिघडलेला मानला होता. सावलीची लांबी आणि दिशा यांवरून वेळ काढता येते. उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीइतकी असली की सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. वर्षातल्या त्याच तारखेला, त्याच वेळी सावली जवळजवळ तशीच पडते, आणि त्या तारखेला जमत नसेल तर २१ जूनपासून तितक्याच दिवसांच्या अंतरावरची पलीकडची तारीख धरावी: २० एप्रिलची सावली २२ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा मिळते. मी तिथे पोहोचलो तेव्हा कठडा नवा होता आणि मागची इमारत दोन मजल्यांनी वाढली होती, पण पायऱ्या त्याच होत्या. दोन पावले डावीकडे, एक मागे, असे करत जवळपास वीस मिनिटे गेली, आणि शेवटी पायरीची कड आणि खडकाचे टोक एका रेषेत आले तेव्हा माझ्या लक्षात आले, की वडील त्या वेळी रस्त्याच्या अगदी कडेला, वाहनांकडे पाठ करून उभे राहिले असणार. आम्हाला मात्र ते रस्त्यापासून लांब राहा म्हणून सतत बजावत असत.

कधी जावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाताना पुण्यतिथीचा दिवस टाळावा. त्या दिवसाला त्याचे स्वतःचे ओझे पुरेसे असते. ज्या ऋतूत आपण तिथे जात होतो, तो ऋतू अधिक योग्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकाळ चालणाऱ्या तीव्र शोकाची स्वतंत्र नोंद असून तिथे किमान सहा महिन्यांची मर्यादा दिली आहे. तेवढा काळ लोटूनही रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर या प्रवासाकडे उपाय म्हणून पाहू नये; आधी समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.

दोन मुक्काम पुरतात. पहिल्या संध्याकाळी काहीही न ठरवता नुसती चक्कर मारावी, म्हणजे काय पाडले, काय नवे बांधले, याचा धक्का तेव्हाच बसून जातो; ठरवलेले काम दुसऱ्या दिवशी सकाळी करावे आणि दुपारपासून साधी सुट्टी घालवावी. शोकाच्या अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडले, की माणूस दुःखाला सामोरे जाणे आणि चालू आयुष्याकडे वळणे या दोन्हींत ये-जा करतच सावरतो. तेव्हा दुपारी पोटभर हसू आले तर त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. जुनीच खोली शक्यतो घेऊ नये. दिवसा त्रास न देणारी गोष्ट रात्री दिवा मालवल्यावर देते.

हयात असलेल्या आईला किंवा वडिलांना न्यायचे असेल, तर बेत त्यांच्या कलाने आखावा, आणि ते ‘मला नको’ म्हणाले तर आग्रह करू नये. भावंडांच्या आठवणी जुळणार नाहीत, हे गृहीत धरावे. एकाला आठवणारा पाऊस दुसऱ्याच्या आठवणीत पडलेलाच नसतो. तिथे कोण बरोबर, याचा निवाडा करत बसण्यापेक्षा मोबाइलवर सर्वांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे, अर्थात आधी सांगून.

रक्षा तिथे विसर्जित करण्याचा विचार असेल तर आधी जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी. प्रौढ व्यक्तीची रक्षा साधारण दोन ते तीन किलो भरते, आणि ती क्षारयुक्त असल्याने एका जागी ढीग केल्यास झाडाच्या मुळांना अपाय होतो; ती पातळ पसरावी, वाऱ्याकडे पाठ करून आणि जमिनीलगत हात धरून. विमानाने जायचे असल्यास पात्र धातूचे नसावे, क्ष-किरण तपासणीत आरपार दिसेल असे लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे असावे. याखेरीज फुलांच्या प्लॅस्टिक वेष्टनासह काहीही मागे सोडू नये.

परत आल्यावर जुना आणि नवा फोटो एकाच आकारात छापून अल्बममध्ये शेजारी लावावेत. मागे ठिकाण आणि तारीख लिहिताना बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो; मऊ शिसपेन्सिल घ्यावी, आणि गुळगुळीत कागदावर ती उमटत नसेल तर फोटोवर लिहिण्यासाठी मिळणारे खास पेन. फोटोत कोण कोण आहे हे सगळेच लिहितात. त्याखाली आणखी एक ओळ सोडून फोटो कोणी काढला, त्याचे नाव लिहावे.