दोन अँटीव्हायरस, दुप्पट डोकेदुखी: या चुका टाळा

दिवाळीनंतर जिनिंगचा सीझन तापला की ऑफिसातला कॉम्प्युटर नेमका तेव्हाच अडतो. कापसाच्या गाड्या काट्यावर उभ्या आणि बिलाची फाईल काही उघडत नाही. मुनीमजी रॅम वाढवायला जळगावच्या गोलाणी मार्केटला निघतात. निघण्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी बघा. बऱ्याचदा तिथे दोन अँटीव्हायरस सापडतात: एक मशीनसोबत आलेलं ट्रायल, दुसरं विकतचं. एक काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "राहू दे ना भाऊ, दोन शेतस तं बरं शे."

बरं कसलं? दोघंही विंडोजमध्ये आपापला ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारा छोटा प्रोग्राम) बसवून उघडणारी प्रत्येक फाईल तपासतात. एकाने तपासायला फाईल उघडली की दुसरं तिथेही आडवं येतं. शिवाय एकाने क्वारंटाईनमध्ये, म्हणजे संशयित फाईलींच्या बंद कोठडीत, डांबलेली फाईल दुसऱ्याला नवा व्हायरस वाटू शकते, आणि सूचनांचा भडिमार सुरू होतो.

नुसतं अनइन्स्टॉल केलं तर ड्रायव्हर मागे राहू शकतात. त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, रीस्टार्ट करा, मगच दुसरं टाका. डिफेंडर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस, मात्र उपटायच्या भानगडीत पडू नका; विंडोज १० आणि ११ मध्ये दुसरं अँटीव्हायरस रीतसर बसलं की ते आपणहून बाजूला होतं. दुसरं मत हवंच असेल, तर सांगू तेव्हाच तपासणारं स्कॅनर ठेवा.

आता खोटा इशारा. तो नामांकित कंपन्यांकडूनही येतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट फाईल व्हायरस ठरवली आणि जगभर कॉम्प्युटर बंद पडले. सप्टेंबर २०२२ मध्ये डिफेंडर क्रोमवर घसरलं होतं. म्हणून लाल खिडकी दिसताच 'डिलीट' दाबू नका. फाईल क्वारंटाईनमध्ये राहू द्या, अपडेट घ्या, व्हायरसटोटल या साइटवर तपासा; ती एकच फाईल अनेक अँटीव्हायरसना दाखवते. तिथे साठहून जास्त इंजिनांपैकी एखाद-दुसरंच ओरडत असेल आणि फाईल मूळ कंपनीच्या साइटवरून घेतलेली असेल, तर इशारा खोटा असण्याची शक्यता जास्त. पण बिलं, पॅन कार्ड, खातेउतारे तिथे टाकू नका. टाकलेल्या फाईली इतरांच्याही हाती लागू शकतात.

तपासणीतून सूट द्यायची तर त्या एका फाईलला. अख्ख्या डी ड्राइव्हला सूट देणारे महाभाग आहेत!

आणि "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं सांगणारा फुकटचा क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर चोरून चालवणारी फाईल) लाल झाला, तर त्याला खोटा इशारा समजू नका.