लॅपटॉपच्या लिनक्स ड्रायव्हरला नाव काय द्यावं, तो कुठे ठेवावा

कीबोर्डखालचा दिवा, पंख्याचा वेग, बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणं, एफएनसोबतची बटणं अशी कामं सांभाळणारे ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ‘ड्रायव्हर्स/प्लॅटफॉर्म/एक्स८६’ या फोल्डरात असतात. वायफाय, टचपॅड, ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर इथे आणायचे नाहीत. त्यांची घरं वेगळी आहेत. इथे मुख्यतः लॅपटॉप कंपनीच्या फर्मवेअरशी, म्हणजे मशीनमध्येच भरलेल्या प्रोग्रॅमशी, बोलणारा कोड येतो.

१. नवा ड्रायव्हर खरंच हवा का, हे आधी बघा. ‘/सिस/बस/डब्ल्यूएमआय/डिव्हायसेस’ उघडलं की ३६ अक्षरी जीयूआयडी (ओळख क्रमांक) दिसतात. डब्ल्यूएमआय म्हणजे फर्मवेअरशी बोलायची एक पद्धत. एकेक घेऊन कर्नलच्या सोर्समध्ये ‘गिट ग्रेप’ने शोधा. सापडला, तर बहुधा आहे त्याच ड्रायव्हरमध्ये आपलं मॉडेल जोडून काम भागतं. मात्र नुसत्या जीयूआयडीवर विसंबू नका. काही कंपन्यांनी मायक्रोसॉफ्टच्या नमुना कोडमधले जीयूआयडी जसेच्या तसे उचललेत, त्यामुळे एकच आकडा दोन परक्या लॅपटॉपांत निघतो आणि भलताच ड्रायव्हर चिकटतो. अशा वेळी ‘/सिस/क्लास/डीएमआय/आयडी’मधलं कंपनीचं आणि बोर्डाचं नावही कोडमध्ये तपासावं लागतं.

२. नाव फर्मवेअरच्या इंटरफेसवरून द्या, झाकणावर छापलेल्या मॉडेलवरून नाही. मॉडेल वर्षभरात बदलतं, इंटरफेस मात्र अनेक वर्षं तोच राहतो. आसुसची मांडणी बघण्यासारखी आहे: सामाईक कोड ‘आसुस-डब्ल्यूएमआय’मध्ये, त्यावर नोटबुकांसाठी ‘आसुस-एनबी-डब्ल्यूएमआय’ आणि जुन्या ईईई पीसी या छोट्या लॅपटॉपांसाठी ‘ईईईपीसी-डब्ल्यूएमआय’. उलट उदाहरण थिंकपॅडचं. त्याचा ड्रायव्हर आधी ‘आयबीएम-एसीपीआय’ होता (एसीपीआय हीसुद्धा फर्मवेअरशी बोलायची पद्धत). २००५ मध्ये आयबीएमचा पीसी धंदा लेनोवोकडे गेला आणि २००७ मध्ये ड्रायव्हरचं नाव ‘थिंकपॅड-एसीपीआय’ झालं. तरी ‘/प्रॉक/एसीपीआय/आयबीएम’ हा फोल्डर अजून तसाच आहे, कारण पंखा चालवणारी साधनं तिथेच वाचतात.

फाईलच्या नावात आडवी रेघ असली तरी लोड झालेल्या ड्रायव्हरांची यादी देणारं ‘एलएसमॉड’ तिथे अंडरस्कोर दाखवतं. ड्रायव्हर लोड करणाऱ्या ‘मॉडप्रोब’ला दोन्ही चालतात, पण एलएसमॉडच्या यादीत रेघ टाकून शोधलं तर ड्रायव्हर चालू असूनही काही सापडत नाही.

३. वापरकर्त्याला दिसणारी नावं स्वतःच्या मनाने ठरवू नका. एलईडीच्या नावात उपकरण, रंग आणि काम असे तीन भाग कोलनने जोडतात. रंग माहीत नसेल तर ती जागा रिकामी. म्हणून ‘आसुस::केबीडी_बॅकलाइट’, ‘डेल::केबीडी_बॅकलाइट’. शेवटचा भाग चुकला की डेस्कटॉपला बॅटरी-दिव्यांची माहिती पुरवणाऱ्या यूपॉवरला तो दिवा कळतच नाही, आणि डेस्कटॉपवर उजेड कमी-जास्त करायची पट्टी येत नाही. बॅटरीच्या मर्यादेचंही नाव ठरलेलं आहे: ‘चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड’. इथे एकदा चुकीचं नाव प्रसिद्ध झालं की ते कायमचं गळ्यात पडतं.

४. डेल, इंटेल, एचपी यांना स्वतःचे उपफोल्डर आहेत. तुमची फाईल त्यांच्यापैकी कुणाची असेल तर तिथे टाका. एकट्या फाईलसाठी नवा फोल्डर काढण्यात अर्थ नाही. सोबत ‘केकॉन्फिग’ (कर्नलचे पर्याय), ‘मेकफाइल’ (काय बिल्ड करायचं) आणि ‘मेंटेनर्स’ (कोणती फाईल कोण सांभाळतं) या तिन्हींत नोंद हवी. मेंटेनर्स हमखास राहून जातं. मग त्या फाईलचे पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, योग्य माणसाकडे पोचत नाहीत. जुनी फाईल हलवताना केकॉन्फिगमधलं पर्यायाचं नाव बदलू नका. बदललंत तर जुनी सेटिंग्ज नव्या कर्नलला लावणारं ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ जुनी नोंद मुकाट्याने टाकून देतं, आणि पुढच्या अपडेटनंतर लोकांची बटणं का बंद पडली हे कुणालाच उमगत नाही.

५. फाईल हलवणं हा स्वतंत्र पॅच करा, त्यात कोडची एकही ओळ बदलू नका. ‘गिट फॉरमॅट-पॅच’ला ‘-एम’ दिलं की हजारो ओळी पुसल्या-लिहिल्यासारखं न दिसता फक्त नामांतर दिसतं. विषयाच्या ओळीची सुरुवात ‘प्लॅटफॉर्म/एक्स८६:’ने, मग ड्रायव्हरचं नाव.

बिल्ड झाल्यावर ‘मॉडइन्फो’ चालवून एलिअस (ड्रायव्हर कोणत्या उपकरणासाठी आहे ते सांगणाऱ्या ओळी) बघा. ‘डब्ल्यूएमआय:’पुढे तुमचा जीयूआयडी दिसला पाहिजे. दिसत नसेल तर ‘मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल’ लिहायचं राहिलंय. ड्रायव्हर हाताने लोड केला तर चालेल, पण बूट होताना आपोआप येणार नाही.