लस झाली म्हणून निर्धास्त राहू नका: कुत्र्याच्या पिल्लाच्या पहिल्या चार महिन्यांत या चुका टाळा

आमचा बंड्या घरी आला तेव्हा जेमतेम 45 दिवसांचा होता. विकणाऱ्याने हातात कार्ड ठेवलं, त्यावर लशीचं एक स्टिकर होतं. "लस झालीय, आता काळजी नको," म्हणाला. मी विश्वास ठेवला आणि नवव्या आठवड्यात बंड्याला सोसायटीच्या बागेत खेळायला सोडलं. पाच दिवसांनी सकाळी तो पाण्याच्या भांड्यापाशी गेला, मान खाली घालून तसाच उभा राहिला, पण प्यायला नाही. दुपारी पिवळ्या फेसाची उलटी झाली, रात्री रक्ताचे जुलाब, आणि एकदा घेतल्यावर विसरता न येणारा तो वास. पार्वो झाला होता, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार.

"अहो, पण लस दिली होती ना?" डॉक्टरांना मी पहिलं हेच विचारलं. उत्तर समजायला पिल्लाच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

पहिला दिवस हातचा जाऊ देणं

गाईम्हशीचा चीक आपल्याला खरवसामुळे ठाऊक असतो. कुत्रीलाही व्यायल्यावर तसाच चीक येतो. पोटात असताना पिल्लाला आईकडून फार थोड्या अँटिबॉडी (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) मिळतात, बाकी साऱ्या या चिकातून. पण पिल्लाचं आतडं त्या जशाच्या तशा रक्तात घेतं ते फक्त पहिल्या दिवसात, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत जास्त. सुमारे 24 तासांनंतर ते दार बंद होतं. म्हणून जिन्याखाली कुत्री व्याली असेल तर पिल्लं उचलून घरात नेऊ नका, आईपाशीच राहू द्या. गारठलेलं पिल्लू धड चोखू शकत नाही. त्याला आधी अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या, मग आईला लावा. वाटीतलं गाईचं दूध कितीही मायेने पाजलं, तरी त्यात आईच्या चिकातलं हे संरक्षण नसतं.

एका डोसवर विसंबणं

अनेक पिल्लं इथे दगावतात, आणि मला कळकळीने सांगायचंय ते हेच. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी कायमच्या नसतात. पार्वोविरुद्धच्या अँटिबॉडी साधारण नऊ-दहा दिवसांनी निम्म्या होतात. त्या भरपूर असतात तोवर लशीतला विषाणूही त्या मारून टाकतात, म्हणजे सुई टोचली जाते पण पिल्लाचं स्वतःचं शरीर काहीच शिकत नाही. पुढे अशी वेळ येते की उरलेल्या अँटिबॉडी खऱ्या रोगाला अडवायला कमी पडतात, पण लशीला अडवायला पुरतात. बंड्या नेमका याच फटीत सापडला.

ही फट कधी येईल ते वरून ओळखता येत नाही. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो. ज्या गुबगुबीत पिल्लाने चीक पोटभर ओढला, त्याच्यात पहिला डोस वाया जाण्याची शक्यता उलट जास्त. म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस द्यायचे, आणि शेवटचा 16 आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. तारखा मोजताना "तीन झाले ना" असं म्हणू नका, शेवटचा डोस कितव्या आठवड्यात पडला ते पाहा. सहाव्या, नवव्या आणि बाराव्या आठवड्यात तीन डोस घेऊन थांबलेली कार्डं मी कितीतरी पाहिली आहेत. 26 आठवड्यांच्या सुमारास आणखी एक डोस द्यावा, असं आता सुचवलं जातं. तेही डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकत घेऊच नका. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार ते विकायलाही बंदी आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

फिनेलने पुसलं की झालं, असं समजणं

पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलेच्या तळव्याला चिकटून घरात येतो. नेहमीचं फिनेल त्याला पुरत नाही. आधी घाण साबणाने धुऊन काढा, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात घालून फरशीवर निदान दहा मिनिटं राहू द्या. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका.

याचा अर्थ पिल्लाला चार महिने कोंडून ठेवा असा नाही. माणसांची आणि आवाजांची ओळख होण्याचं त्याचं वय हेच. कडेवर घेऊन फिरवा, लसी पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याच्या घरी न्या. फक्त भटकी कुत्री शी करतात त्या जागी खाली ठेवू नका.

जंतांचं औषधही टाळू नका. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून हे औषध दुसऱ्या आठवड्यापासून, वजन करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करतात.

"उद्या बघू" म्हणणं

पिल्लू खाणं सोडून मलूल पडलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरातलं जुलाबाचं औषध देऊ नका आणि रात्र काढू नका. पिल्लाच्या अंगातलं पाणी तासांत आटतं. बंड्या सहा दिवस सलाईनवर होता, म्हणून वाचला. बरा झाल्यावरही त्याचे डोस आम्ही पूर्ण केले, कारण पार्वो होऊन गेला तरी डिस्टेंपर आणि हिपॅटायटिस या, त्याच लशीने टळणाऱ्या, दुसऱ्या विषाणूजन्य आजारांची भीती तशीच राहते. शेवटचा डोस सतराव्या आठवड्यात झाला, रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर.