हेडलाइटचा बल्ब घरी बदलताना या चुका टाळा

गाडीच्या बॅटरीला हात लावायला घाबरणारी माणसं १००/९० वॅटचा बल्ब मात्र बिनधास्त बसवतात. खरं तर १२ व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवतसुद्धा नाही. घाबरायचं ते करंटला आणि त्यातून तयार होणाऱ्या उष्णतेला. वायर वितळते, होल्डर जळतो, बोट भाजतं, ते त्यामुळेच.

जास्त वॅटचा बल्ब

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत एच-४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा: अप्पर म्हणजे लांबचा झोत ६० वॅट, डिपर म्हणजे जवळचा ५५. अप्परला ६० वॅट म्हणजे साधारण ५ अँपिअर. त्याच जागी १०० वॅटचा लावला की करंट ८ अँपिअरच्या वर जातो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण कपलरच्या, म्हणजे बल्बच्या मागे बसणाऱ्या प्लगच्या, पिनांवर तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. कंपनीचा प्लास्टिकचा कपलर त्यासाठी बनवलेलाच नसतो.

'फ्यूज आहे ना, तो उडेल' हा भरवसा इथे कामाचा नाही. एका बाजूला १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असेल, तर त्याच्या दृष्टीने ८ अँपिअर म्हणजे सगळं ठीक. तो शांत बसतो आणि कपलर भाजत राहतो. लूज कनेक्शनचंही तेच: तिथे करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो, म्हणून फ्यूजला पत्ताच लागत नाही.

बल्ब काढताना कपलर ओढला आणि आतली पिन बल्बलाच चिकटून बाहेर आली, पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं, तर तिथे नवा बल्ब खोचू नका. आधी कपलर बदला. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात सिरॅमिकचा होल्डर मिळतो. पण जुन्या बारीक वायरीला तो जोडून वर १०० वॅट लावणं म्हणजे जळण्याची जागा फक्त पुढे ढकलणं. उजेड वाढवायचाच असेल तर आधी काच स्वच्छ करा आणि वायरिंग तपासा. निम्म्या गाड्यांचं काम तिथेच भागतं, असं माझं मत.

फ्यूजशी खेळ

१० अँपिअरचा लाल फ्यूज उडाला म्हणून २० चा पिवळा लावणं, किंवा तांब्याची तार गुंडाळणं. यानंतर शॉर्ट झाला तर फ्यूजऐवजी वायर जळणार. फ्यूज दुसऱ्यांदाही उडाला तर कारण शोधा.

पाना आणि अंगठी

साध्या हॅलोजन बल्बसाठी किल्ली काढून लाइटचा स्विच बंद केला की बहुतेक वेळा पुरतं. पण काही गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो आणि लाइट बंद असतानाही कपलरच्या एका पिनेवर १२ व्होल्ट असतात. ती पिन बॉडीला टेकली की फ्यूज गेलाच.

कित्येक छोट्या गाड्यांत बॅटरी हेडलाइटच्या अगदी मागे असते आणि हात घालायला ती काढावीच लागते. अशा वेळी आधी निगेटिव्ह काढा, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर मधे फ्यूज नसतो, थेट शेकडो अँपिअर. बोटात अंगठी असेल तर ती क्षणात तापते. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. रेडिएटरच्या पंख्यापासूनही हात लांब ठेवा. काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

काच

बल्ब नुकताच बंद केला असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. आत वायू दाबाखाली असतो, म्हणून चष्मा घाला. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलामुळे तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसून काढा.

बल्बवर डी१एस किंवा डी२एस लिहिलेलं असेल तर बोनेट बंद करा आणि वर्कशॉपला जा. तो एचआयडी आहे, म्हणजे तारेऐवजी वायूतल्या ठिणगीने उजेड देणारा. पेटताना तिथे २० हजार व्होल्टच्या वर जातं, आणि वरचं १२ व्होल्टचं बोलणं त्याला लागू नाही.

नवा बल्ब लावला, तरी गडबड

दोन्ही डिपर एकाच क्षणी गेले तर आधी फ्यूज, रिले (लाइटचा करंट चालू-बंद करणारा छोटा विद्युत स्विच) आणि स्विच बघा. एकच बाजू पिवळट, मंद दिसते आणि डिपरवर असतानाही डॅशबोर्डचा निळा दिवा अंधुक पेटतो, तर बहुधा अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर, खराब आहे. तिचा बॉडीवरचा बोल्ट काढून, गंज घासून परत घट्ट करा.

मल्टिमीटर १२ दाखवतो पण बल्ब पेटत नाही, हा पावसाळ्यातला नेहमीचा गोंधळ. सडून एकच धागा उरलेली वायरसुद्धा लोड नसताना, म्हणजे बल्ब जोडलेला नसताना, पूर्ण व्होल्टेज दाखवते. बल्ब जोडलेला ठेवून, कपलरच्या मागून मोजा.

दोन्हीकडचे बल्ब सारखे जात असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत, १५ च्या वर गेलं तर दोष चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरचा. आणि एकाच बाजूचा जात असेल तर हेडलाइटच्या मागचं रबरी बूट (झाकण) नीट बसलंय का ते बघा, पाणी तिथूनच शिरतं.

सगळं जोडल्यावर दहा मिनिटं लाइट चालू ठेवा. मग बंद करून कपलरमागच्या वायरींना हात लावा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर रात्री ती गाडी काढू नका.