गाणी ऐकायला होम थिएटर रिसिव्हर घेताय? आधी हे बघून घ्या

मी नाशिकच्या सिडकोत राहतो, हॉल १० बाय १४चा, दोन बुकशेल्फ स्पीकर आणि एक होम थिएटर रिसिव्हर, म्हणजे टीव्ही, फोन वगैरेचा आवाज घेऊन स्पीकर वाजवणारं मशीन. पिक्चर महिन्यातून एखादा, गाणं मात्र रोज, सकाळच्या चहापासून काहीतरी लागलेलंच असतं. तुमचंही असंच असेल तर चॅनल (म्हणजे किती स्पीकर वेगवेगळे वाजवता येतात ते) मोजत बसू नका, मशीन थंड राहतं का आणि बिघडलं तर दुरुस्त कुठे होतं हे आधी बघा.

माझा पहिला रिसिव्हर तिसऱ्या उन्हाळ्यात गेला. टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेला, त्याच्यावर सेट टॉप बॉक्स, त्यावर आईने विणलेला रुमाल. मे महिन्यातल्या दुपारी तानपुरा लागलेला असताना आतून रिलेचा (आतल्या स्विचचा) टक्क आवाज आला आणि सगळं बंद, हात लावला तर वरची जाळी चटका बसेल इतकी तापलेली. आठवडाभर असंच चालू-बंद होत राहिला आणि शेवटी एचडीएमआय बोर्ड गेलं, मशीन मुंबईला पाठवावं लागलं, पार्ट यायला दोन महिने लागले आणि तेवढे दिवस घर मुकं.

म्हणून पहिलं काम, टेप घेऊन जागा मोजा. रिसिव्हरच्या वर निदान वीतभर मोकळी जागा हवी, मागे तारांना जागा हवी, काचेचं दार नको. जागा कमीच असेल तर मरँट्झ एनआर१५१० सारखं बुटकं मॉडेल बघा, पण मोकळी हवा त्यालाही लागतेच.

दुसरं, वॅट. बॉक्सवरचा मोठा आकडा बऱ्याचदा एकच चॅनल चालवून, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, ६ ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध), आवाज १० टक्के फाटेपर्यंत मोजलेला असतो. तो सोडून द्या आणि स्पेसिफिकेशनमध्ये दोन चॅनल चालू, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि डिस्टॉर्शन (आवाज फाटण्याचं प्रमाण) ०.१ टक्क्याच्या आत, ही ओळ शोधा. एनआर१५१०चा असा आकडा ५० वॅट आहे, आणि आपल्या फ्लॅटच्या हॉलला तेवढे भरपूर होतात. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, त्यामुळे ८४ ऐवजी ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज देणारे) स्पीकर घेतले की तेच काम होतं.

फीचरमध्ये डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट मोड हवा, म्हणजे गाणं जास्तीच्या प्रोसेसिंगमधून जात नाही. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) असेल तर ते जोडायचं फोनो इनपुट बघा. आणि बजेटमध्ये बसत असेल तर प्रीआउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला आवाज देणारं सॉकेट) असलेलंच घ्या, पुढेमागे वेगळा स्टिरिओ अ‍ॅम्प जोडता येतो, माझ्या मते ७ चॅनलपेक्षा हे जास्त कामाचं.

आता दुकान. एमजी रोडला जा, कॉलेज रोडला जा, पण सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, दुपारनंतर रस्त्याच्या आवाजात काही कळत नाही. दाखवणारा सगळे स्पीकर एकदम वाजवेल, बेस वाढवून, त्याला सांगा दादा फक्त पुढचे दोन आणि डायरेक्ट मोड लाव. तुमचं पाठ असलेलं गाणं न्या, ज्यात तानपुरा आणि तबला दोन्ही आहे असं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझणती गुंज, सुटी ऐकू येते का, डग्ग्यावर तळहात घासून काढलेला घुमारा आवाज मोठा केल्यावरही गोल राहतो का की नुसतं धप्प होतं, हे नीट ऐका. मग गाणं थांबवून तोच व्हॉल्यूम ठेवून ट्विटरला (बारीक, उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला) कान लावा, थोडी सर्रसर चालेल, घूं असा आवाज येत असेल तर आधी तार बदलून बघायला सांगा.

पैसे द्यायच्या आधी विचारा, सर्व्हिस नाशकातच होते का, की मशीन बाहेर पाठवतात, आणि वॉरंटी किती वर्षं. अमेरिकेतला भाऊ स्वस्तात आणतो म्हणाला तरी घेऊ नका, तिकडचं मशीन बहुतेक १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३०, आणि बऱ्याचदा इथे वॉरंटीही चालत नाही.

घरी आणल्यावर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) लावा, आणि जूनमध्ये विजा सुरू झाल्या की प्लग आणि टीव्ही केबलची वायर दोन्ही काढून ठेवा, फक्त रिमोटने बंद करून भागत नाही.