पावसाळ्यात फुगा सोडायला येणाऱ्यांसाठी

एरोसोलवर, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांवर काम करायला येणाऱ्या मुलांच्या डोक्यात बहुतेक वेळा शहरातलं धुरकं असतं. ‘सोळा-सतरा किलोमीटरवर मोजण्यासारखं काय आहे?’ हा पहिला प्रश्न. आहे बरंच. मान्सूनचे उंच ढग खालची हवा वर फेकतात आणि तिबेटच्या पठारावर उन्हाळाभर फिरणाऱ्या प्रचंड प्रत्यावर्तात, म्हणजे जास्त दाबाच्या भोवऱ्यात, ती अडकून राहते. त्यातून १३ ते १८ किमी उंचीवर कणांचा एक विरळ थर तयार होतो. २०११ साली कॅलिप्सो उपग्रहाच्या लायडर (लेसरने कण टिपणारं उपकरण) नोंदींतून तो उजेडात आला. २०१४ पासून इस्रो आणि नासाने मिळून त्यासाठी भारतातून फुगे सोडले. हैदराबाद आणि आंध्रातलं गादंकी ही त्यातली ठिकाणं. २०१७ मध्ये काठमांडूहून उडालेल्या विमानाला या थरात अमोनियम नायट्रेट सापडलं. म्हणजे शेतातला, गोठ्यातला अमोनिया थेट तिथवर जातो!

प्रत्यक्ष काम मात्र जमिनीवरचं आणि बरंचसं रात्रीचं. फुग्याबरोबर वर जाणारं कोबाल्ड नावाचं छोटं उपकरण निळा आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडून परत येणारा उजेड मोजतं. दिवसा सूर्यप्रकाशात ते आंधळं होतं. रबरी फुग्याला उघडा हात लावायचा नाही, हाताच्या तेलकटपणाने रबर कमकुवत होतं. हातमोजे घालूनच उलगडायचा. उपकरणं थर्माकोलच्या खोक्यात बसवायची, कारण वर तापमान उणे ८० अंशांपर्यंत उतरतं आणि बॅटरी आधी मान टाकते. खोकं फुग्याखाली लांब दोरीवर टांगायचं, नाहीतर आर्द्रता मोजताना फुग्याला चिकटून वर गेलेली वाफच तुम्ही मोजत बसाल. हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, वारा, पाऊस हे सगळं जुळेपर्यंत ताटकळायची तयारी हवी. दक्षिणेत एक गंमत बघायला मिळते: फुगा आधी पश्चिमी वाऱ्याबरोबर पूर्वेला जातो आणि वर पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह (उंचावरचा वेगवान वारा) लागला की पश्चिमेकडे परत फिरतो.

माझ्या मते खरी कसोटी त्यानंतर, आलेख समोर आल्यावर. या थराची खूण फार पुसट असते, इन्फ्रारेडमध्येही हवेच्या रेणूंपेक्षा जेमतेम दहाएक टक्के जास्त. त्याच उंचीवर सिरस या पातळ, उंच ढगांतले बर्फाचे कण असतात आणि पावसाळ्यात ते नसतील अशी रात्र विरळाच. कणांच्या इन्फ्रारेडमधल्या संकेताला निळ्यातल्या संकेताने भागून गुणोत्तर काढलं की बारीक एरोसोलसाठी ते साधारण ७ च्या खाली राहतं, बर्फासाठी २० च्या आसपास जातं. मधले आकडे आले की भांडणं सुरू होतात. अशा वेळी आर्द्रतेची नोंद शेजारी ठेवून बघा. तिथली हवा बर्फाच्या मानाने कोरडी, म्हणजे बर्फ टिकणार नाही इतकी कोरडी असेल तर ढगाची शक्यता कमी. देखणा आलेख दिसला म्हणून लगेच ‘थर सापडला’ म्हणू नका.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा वातावरणशास्त्रात एम.एस्सी. चालते, पुण्यात वातावरणशास्त्राचा विभाग विद्यापीठातही आहे आणि पाषाणला आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आहे. सीएसआयआर-नेट या संशोधनवृत्तीच्या परीक्षेत पृथ्वी व वातावरण विज्ञानाचा वेगळा पेपर असतो. पायथन यायलाच हवं, सोल्डरिंग येत असेल तर टीमला तुम्ही जास्त आवडाल. पावसाळी मोहिमेत जायचं असेल तर जूनची वाट पाहू नका. माणसं, सामान, परवानग्या सगळं त्याच्या कितीतरी आधी ठरतं. हिवाळा संपतानाच गाइडच्या मागे लागा.