कापडाचं म्युझियम आणि त्याची लायब्ररी हलवायची असेल तर (टेम्पोचं सगळ्यात शेवटी बघा)

घर बदलताना आपण काय करतो, आदल्या रात्री जुन्या चादरीत साड्यांची गाठोडी बांधतो आणि सकाळी टेम्पोत टाकतो. म्युझियमच्या साड्या अशा नेता येत नाहीत हे सगळ्यांना कळतं, पण मग कशा न्यायच्या विचारलं की बहुतेक जण म्हणतात चांगले पॅकर्स बघा, बबल रॅप घ्या, आणि तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. मी एका छोट्या संग्रहाच्या शिफ्टिंगमध्ये सुरुवातीपासून होते, साधारण सहाशे नग आणि तीनेक हजार पुस्तकं, आणि त्यातून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली: पॅकिंग प्रवासासाठी करायचं नाही, नव्या कपाटासाठी करायचं. प्रवास दोन तासांचा असतो, कपाटात ते कापड पुढची वीस वर्षं पडून राहणार असतं. जुनं रेशीम प्रत्येक घडी उघडताना थोडं थोडं फाटतं, त्यामुळे इथे एकदा बांधा, तिथे उघडून परत नीट बांधा हा उद्योग परवडत नाही.

म्हणून पहिलं काम नव्या इमारतीत. कुठलं कापड कुठे राहणार, गुंडाळून की सपाट, हे जागेसकट ठरल्याशिवाय जुन्या जागेतलं एकही कपाट उघडू नका. वॉशिंग्टनचं द टेक्स्टाइल म्युझियम बघा, जॉर्ज ह्यूइट मायर्स नावाच्या माणसाने १९२५ मध्ये आपल्या घरात सुरू केलेलं, तेव्हा २७५ गालिचे आणि ६० इतर कापडं होती. ते जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीकडे जायचं २०११ मध्ये जाहीर झालं, जुनी जागा ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद झाली, नवी मार्च २०१५ मध्ये उघडली. तोवर नग झाले होते १९,००० च्या आसपास. त्यांनी सगळं एका छताखाली कोंबलं नाही. प्रदर्शन आणि लायब्ररी शहरात, आणि साठवण व दुरुस्तीची लॅब तिथून पन्नासेक किलोमीटरवर अ‍ॅशबर्नला. आपल्याकडे नवी इमारत म्हटली की आधी मोठं प्रवेशद्वार आणि ऑडिटोरियम ठरतं आणि साठवणीला उरलेलं तळघर मिळतं, पावसाळ्यात पाणी भरणारं. यावर भांडायचं असेल तर प्लॅन पास व्हायच्या आधी भांडा.

नवी इमारत नवी असते हाच तिचा दोष. प्लास्टर ओलं असतं, रंग, प्लायवुड आणि त्याचा डिंक महिनोन्‌महिने वास सोडत असतात आणि तो वास म्हणजे कापडावर बसणारं अ‍ॅसिड. निदान एक पावसाळा रिकाम्या खोलीत डेटालॉगर ठेवा, छोटं यंत्र असतं, तापमान आणि दमटपणा नोंदत राहतं. दमटपणा पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिला तर छान, पण सकाळी चाळीस आणि रात्री पंच्याहत्तर असं वरखाली होत असेल तर आधी ते सोडवा. कपाटं पावडर कोटिंगच्या स्टीलची घ्या, बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, जमिनीपासून चार-सहा इंच वर ठेवा. आणि ड्रॉवरमध्ये रबराची मॅट अजिबात नको. आमच्याकडे कुणीतरी घसरू नये म्हणून हौसेने घातली आणि सहा महिन्यांत दोन शालूंची चांदीची जर काळी पडली, रबरातलं गंधक चांदीला खातं हे तेव्हा कळलं. रबरबँडचंही तेच.

आता यादी. कंटाळवाणी आहे पण खरं शिफ्टिंग हेच. प्रत्येक नगाला एकच नंबर, तो नंबर सुती पट्टीवर लिहून कापडाच्या कडेला दोन सैल टाक्यांनी शिवलेला, फोटो, लांबीरुंदी, आत्ताची अवस्था, जुनी जागा आणि नवी जागा. कापडाजवळ पेन नको, फक्त पेन्सिल. रजिस्टरमध्ये आहे पण कपाटात नाही, किंवा कपाटात आहे पण रजिस्टरमध्ये नाही, अशा गोष्टी निघणारच, त्या त्याच दिवशी वेगळ्या लिहा, नंतर बघू म्हटलं की संपलं. वेळेचा हिशोब आधी करा. धरा एका साडीला साफसफाई, फोटो, नंबर आणि गुंडाळणं मिळून दोन माणसांना चाळीस मिनिटं, तर सहाशे नगांना चारशे तास, आणि दिवसाला पाच तासांच्या वर हात आणि डोळे चालत नाहीत, म्हणजे ऐंशी दिवस. कमिटीला हा आकडा तोंडी सांगू नका, कागदावर द्या.

साफ करणं म्हणजे धुणं नव्हे. धुण्याचा विचारही प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय नको, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, अशा ठिकाणी विचारा. आपण फक्त धूळ काढायची, व्हॅक्यूम अगदी कमी जोरावर आणि मध्ये मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा धरून. ग्लोव्हज आणि मास्क घाला, आणि हे कापडापेक्षा तुमच्यासाठी जास्त, कारण जुन्या संग्रहांवर कधीकाळी डीडीटी नाहीतर आर्सेनिक मारलेलं असू शकतं आणि कोणत्याही रजिस्टरमध्ये ते लिहिलेलं नसतं. डांबराच्या गोळ्या सापडतील त्या काढा, नवीन घालू नका. आजीची वेखंडाची पोटली घरच्या साडीला ठीक, म्युझियममध्ये किडीवर भरवसा ठेवायचा तो थंडीवर.

म्हणजे डीप फ्रीझर. जुन्या इमारतीतली कसर आणि लोकरीतली कीड नव्या इमारतीत फुकट नेण्यात काही अर्थ नाही. कापड टिश्यू पेपरमध्ये, मग पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत, हवा काढून टेपने बंद, आणि उणे वीसला दोन आठवडे. मध्ये लाइट जाऊन आतलं तापमान वर आलं तर दिवस पुन्हा एकपासून मोजा, उगाच मनाचं समाधान करू नका. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, बाहेरून दव जमतं ते पिशवीवरच राहू दे. रंगवलेली कापडं, पिछवाई वगैरे, काचेचे मणी लावलेले, हे विचारल्याशिवाय फ्रीझरात घालू नका.

गुंडाळण्याची गंमत अशी की यातलं बरंचसं सामान कापडबाजारात मिळतं. तागे ज्यावर येतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या दुकानदार जवळपास फुकट देतात, फक्त त्या आम्लधर्मी असतात म्हणून त्यावर मायलार म्हणजे पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म, नाही मिळाली तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आणि वर अ‍ॅसिड-फ्री टिश्यू. रेशीम आणि लोकरीला बफर नसलेला, म्हणजे अल्कली न मिसळलेला टिश्यू घ्या. पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो पण नको, तोही वायू सोडतो. नळी कापडाच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे वीतभर जास्त हवी, उचलताना हात नळीला लागले पाहिजेत, कापडाला नाही. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेने गुंडाळा, भरतकामाची सुलट बाजू बाहेर, गालिचा असेल तर लव बाहेर. वरून मांजरपाट, पण नवा मांजरपाट खळीचा असतो आणि खळ म्हणजे झुरळांचं जेवण, दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुऊन घ्या, फॅब्रिक कंडिशनर न घालता. बांधायला चपटी सुती नाडी, सैल. पैठणीचा पदर जरीने जड असतो, म्हणून दुसऱ्या टोकापासून सुरू करा म्हणजे पदर शेवटी, सगळ्यात मोठ्या गोलावर येतो. अंगरखे, चोळ्या, टोप्या गुंडाळत नाहीत, त्या खोक्यात सपाट आणि प्रत्येक घडीत टिश्यूची वळकटी.

लायब्ररीचा स्वभाव बरोबर उलटा. पुस्तकाला नव्या जागी न्यायला नवा पोशाख लागत नाही, त्याला क्रम लागतो, आणि हमालाच्या पाठीचा विचार लागतो. खोकी लहान घ्या, भरल्यावर पंधरा किलोच्या आत. टीव्हीच्या खोक्यात आर्ट बुक्स भरणारा एक उत्साही कार्यकर्ता प्रत्येक गावात असतो, त्याला दुसरं काम द्या. मोजायचं ते पुस्तकांच्या संख्येने नाही, फळीच्या फुटांनी. आत्ता दोनशे फूट भरत असेल तर नव्या जागी निदान अडीचशे ठेवा आणि प्रत्येक फळीचा शेवट मोकळा सोडा, नाहीतर दोन वर्षांत नवीन पुस्तकं परत आडवी. खोक्यावर दोन नंबर, निघाली ती फळी आणि जाणार ती फळी. सरकत्या कपाटांचं वजन जमिनीला झेपतं का हे इंजिनियरकडून लिहून घ्या, कागद कापडापेक्षा फार जड. कार्ड कॅटलॉग आणि जुनं रजिस्टर निघायच्या आधी स्कॅन करा आणि मूळ रजिस्टर टेम्पोत नाही, स्वतःच्या गाडीत न्या.

भांडण होतं ते नमुन्यांच्या वह्यांवरून. गिरण्यांच्या, व्यापाऱ्यांच्या वह्या, पानापानावर कापडाचा तुकडा चिकटवलेला. हे पुस्तक की कापड? लंडनच्या इंडिया ऑफिसमधल्या फोर्ब्स वॉटसनने १८६६ मध्ये भारतभरच्या कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत बसवले, असे २० संच, तेव्हापासून हा प्रश्न आहेच. माझं मत, नोंद लायब्ररीत आणि राहणं कापडांसोबत. त्या उभ्या ठेवू नका, आतले तुकडे कण्याला ताण देतात, आडव्या आणि एकेका खोक्यात. आणि हे आधी ठरवा, कारण शिफ्टिंगच्या दिवशी दोन्ही विभाग म्हणतात ती वही त्यांची होती आणि वही कुणाच्याच खोक्यात नसते.

टेम्पोचं आता थोडक्यात. जून ते सप्टेंबर नको. गाडी बंद बॉडीची. रोल एकमेकांवर रचायचे नाहीत, नळीत दांडा घालून दोन्ही टोकांना टांगायचे, सर्वात लांब रोल जिन्याच्या वळणातून आणि लिफ्टमधून जातो का हे रिकामी नळी घेऊन आधी बघायचं. पहिल्या दिवशी फक्त एक कपाट न्या, चुका त्यातच दिसतात. विमा कपाटापासून कपाटापर्यंतचा घ्या, नुसता गाडीतला नको. पोचल्यावर यादीवर टिक करणारा माणूस सामान उचलणारा नसावा.

नव्या जागी किडीसाठी चिकट सापळे लावा आणि निदान वर्षभर दर महिन्याला बघा. आणि जुन्या जागेच्या किल्ल्या परत द्यायच्या आधी प्रत्येक कपाटाच्या मागे हात घाला. आमच्याकडे एका कपाटामागे नंबर लिहिलेली एक सुती पट्टी सापडली, नुसती पट्टी. ती कुठल्या साडीची, हे शोधायला तीन आठवडे लागले.